आमचं उत्तम चाललंय

माझी मुलगी बेसबॉल खेळते असं फोनवर सांगितलं की पुण्याहून एकच प्रश्न येतो. "क्रिकेट नाही का तिकडे?" मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. बापाने आयुष्यभर क्रिकेट पाहिलं आणि पोरगी कोपर वाकवून चेंडू फेकतेय. आमच्या गल्लीत असा चेंडू टाकणाऱ्याला फेकी म्हणून हाकलून द्यायचे. पण अवोन्डेल या उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरामागे तिने लाकडी कुंपणाच्या फळीवर खडूने एक चौकोन काढला आणि दोन उन्हाळे त्यात चेंडू मारून मारून ती फळी खिळखिळी केली, तेव्हा मी तोंड बंद केलं. घरमालकाला काय सांगायचं एवढीच काळजी राहिली.

ती पिचर होती, म्हणजे चेंडू टाकणारी. क्लबच्या संघात मुलं-मुली एकत्र खेळायची, पण चौदा वर्षांपर्यंतच. पुढे मुलं मोठ्या संघात जात आणि मुलींना सॉफ्टबॉलला पाठवत. तिथे चेंडू खालून टाकायचा असतो. तिने एकदा करून पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं की हा माझा खेळ नाही. त्यामुळे तेरावं लागलं तशी ती महिने मोजायला लागली होती.

तेव्हाच एका खासगी शाळेचे कोच मैदानावर येऊ लागले. उंच, मूळचे अमेरिकेतले. त्यांच्या शाळेने नुकताच बेसबॉल सुरू केला होता आणि संघात मुलीही घेणार होते. तीन रविवार ते जाळीपाशी उभे राहून हिला पाहत होते. तिसऱ्या रविवारी मला म्हणाले, "बोटं चेंडूवर कशी धरलीत हे ती ग्लोव्हच्या बाहेर शेवटपर्यंत दिसू देत नाही. हे शिकवून येत नाही." शाळेची फी ऐकून माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी लगेच सांगितलं की ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी शाळेचा निधी आहे. एक फॉर्म भरायचा, मग आम्ही घरी येऊन भेटू.

आमची परिस्थिती निधीला अगदी साजेशी होती. पेनरोजला खोक्यांच्या कारखान्यात मी शिफ्टचा सुपरवायझर, पण त्या वर्षी माझे कामाचे दिवस आठवड्याला पाचाचे तीन झाले होते. बायको एका वृद्धाश्रमात सकाळची कामं करायची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईवडिलांनाही नाही. गणपतीची वर्गणीसुद्धा गेल्या वर्षीइतकीच दिली.

फॉर्मवर एकच महत्त्वाचा प्रश्न होता. तुमची अडचण काय आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.

मी या देशात विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा मामाने सहा महिने माझ्या खात्यात पैसे ठेवले होते, बँकेचा कागद भारदस्त दिसावा म्हणून. व्हिसा आला, पैसे मामाकडे परत गेले. नंतर नोकरीचा व्हिसा, बायकोचा, कायमच्या वास्तव्याचा, आईवडिलांच्या भेटीचा. प्रत्येक फॉर्म वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारायचा, तुम्ही आमच्यावर ओझं तर होणार नाही ना? आणि मी दर वेळी पुराव्यानिशी सांगायचो की नाही होणार. पंधरा वर्षं हेच लिहून हाताला तेच वळण पडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका फॉर्मने माझ्याकडे काय नाही ते विचारलं आणि मी लिहिलं, "आमचं उत्तम चाललंय. मुलगी मेहनती आहे. तिला संधी मिळावी." सोबत उत्पन्नाचा कागद जोडला तोही आदल्या वर्षीचा. तो जास्त बरा दिसत होता.

बायकोने वाचलं. "अहो, हा मदत मागायचा फॉर्म आहे ना? मग यात मदत कुठे मागितलीय?"

"मग काय भिकाऱ्यासारखं लिहू?"

"खरं लिहा फक्त."

मी तिच्यादेखत तो पाठवून दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भेटीच्या दिवशी तर मी कळसच केला. आमच्या गाडीचा बंपर टेप लावून बसवलेला होता, म्हणून ती मागच्या रस्त्यावर नेऊन लावली आणि आयटीतल्या एका मित्राची नवी गाडी दारात उभी केली. बायको म्हणत होती की चहा-बिस्किटं पुरेत. मी बटाटेवडे आणि श्रीखंड-पुरी करायला लावली. कोचने सहा वडे खाल्ले. त्यांच्याबरोबर निधीचं काम पाहणाऱ्या एक बाई होत्या, मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या. त्यांनी फार अदबीने विचारलं, "फी भरणं तुम्हाला जड जाईल का? या वर्षात घरात काही बदललंय का, जे फॉर्ममध्ये आलेलं नाही?"

याहून सताड दार कुणी उघडून देऊ शकत नाही. मी हसून म्हणालो, "नो, नो, वुई आर कम्फर्टेबल."

मुलगी खाली गालिच्यावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, युअर आवर्स. जस्ट टेल देम."

मी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून तिला मराठीत म्हणालो, "चारचौघांत घरातलं बोलायचं नसतं." पाहुण्यांना वाटावं की मी तिला पुऱ्या आणायला सांगतोय. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. बायको उठून आत गेली ती ते निघेपर्यंत बाहेर आली नाही. निघताना बाईंच्या हातात मी लाडवांचा डबा दिला, वर डबा परत करायची गरज नाही असंही सांगितलं. दारात कोच म्हणाले, "नाइस कार." मी थँक यू म्हणालो.

पत्र महिन्याभराने आलं. मुलीला प्रवेश द्यायला शाळेला आनंद होत होता. मात्र कुटुंबाची आर्थिक स्थिती पाहता निधीतून मदत देता येत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्यांनी ती खरंच सव्वा लाखाची धरली. पत्र आधी मुलीनेच वाचलं. "ओके," एवढंच म्हणाली आणि मागे अंगणात गेली. मी स्वयंपाकघरात उभा राहून फळीवर चेंडू आदळायची वाट पाहत होतो. बराच वेळ उभा होतो. आवाज आला नाही.

मग बैल गेला आणि झोपा केला, तसा मी त्या बाईंना फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या आवारात, एका कानावर हात ठेवून. सगळं सांगितलं. कमी झालेले दिवस, जुना कागद, गाडीसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. निधीची त्या वर्षीची एकुलती जागा दुसऱ्या मुलाला देऊन झाली होती आणि पुढच्या वर्षी थेट वरच्या वर्गात येणाऱ्यांसाठी निधी नव्हताच. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

बायकोने मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचाही मला राग येतो. कधी मामाचा येतो, कधी व्हिसाच्या कचेऱ्यांचा. पण खरं म्हणजे मला माझी लाज वाटते. हे इथे लिहिता येतं. मुलीसमोर म्हणायला अजून जमलेलं नाही.

या उन्हाळ्यात क्लबमधलं तिचं शेवटचं वर्ष संपलं. शेवटच्या सामन्यानंतर क्लबचे म्हातारे कोच आमच्याकडे आले. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार करून सांगू लागले की दूर वेलिंग्टनला मोठ्या मुलींचा बेसबॉलचा एक संघ उभा राहतोय, महिन्यातून एकदा सरावाला जावं लागेल. मग आवाज खाली आणून तिलाच विचारलं, "जाण्यायेण्याच्या खर्चाचं अवघड असेल तर सांग. आपण काहीतरी करू."

तिने चेंडू ग्लोव्हमध्ये ठेवला आणि ग्लोव्ह मिटला. "नाह, वुई आर ऑल गुड," ती हसून म्हणाली. "आय डोन्ट रिअली वॉन्ट टू, एनीवे."

"स्वीट ॲज," म्हणजे बरं तर, असं म्हणत ते सामान आवरायला गेले. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाहीस त्यांना? त्यांनी केलं असतं काहीतरी."

शाळेत जायला लागल्यापासून माझी मुलगी माझ्याशी एक अख्खं वाक्य मराठीत बोललेली नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "चारचौघांत घरातलं बोलायचं नसतं, बाबा."

एकही शब्द चुकला नव्हता. समोर कोच अजून त्यांच्या गाडीत बॅटी भरत होते. मी गाडी सुरू केली.