छान म्हणजे काय

आमची ताई मानववंशशास्त्रज्ञ आहे. लोक विचारतात, म्हणजे कवट्या मोजते का? नाही हो, संगीतशाळांमध्ये मागच्या बाकावर बसते. विद्यापीठातली अख्खी नोकरी तिने त्याच बाकावर काढली म्हणा ना! मुलं गाणं शिकतात आणि ही ते शिकणं बघते. स्वतः मात्र गात नाही, अगदी न्हाणीघरातसुद्धा नाही.

तिचं नाव झालं ते एका शब्दामुळे. इथल्या जुन्या संगीतशाळेचे मास्तर, ज्याच्याकडून आशा असे त्या मुलाला धारेवर धरत. ज्याची आशा सोडली, त्याला हसून 'छान' म्हणत. हे एवढ्या वर्षांत फक्त ताईच्या लक्षात आलं. तिने त्यावर लेख लिहिला, ठिकठिकाणची बोलावणी आली, बाई प्राध्यापक झाल्या.

मग कुणीतरी तो लेख पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. झालं! ज्यांची मुलं रोज 'छान' घेऊन घरी येत होती, ते सगळे शाळेवर धडकले. मास्तरांचा ताईला फोन आला, "उद्यापासून येऊ नका."

ताईने हायच खाल्ली. तो वर्ग म्हणजे तिचा जीव की प्राण. मला तिच्याकडे बघवेना, शेवटी मीच वैतागले. "अगं, छापण्याआधी त्यांना विचारलंस का? नाही ना? मग जा आणि माफी माग!"

गेली. मास्तर म्हणाले, "लिहिलंत ते खरंच आहे, त्याचा राग नाही. पण आम्ही सगळे तुमच्यासमोर रोज चुकतो. तुम्ही कधी आमच्यासमोर चुकलात? यायचं तर पुढे बसायचं आणि गायचं."

ताईचा गळा, काय सांगू! लहानपणी शाळेत प्रार्थनेला बाई तिला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. तरी पिकल्या केसांनिशी पोराटोरांत पहिल्या बाकावर जाऊन बसली.

इकडे माझा जीव टांगणीला. मास्तर गोड हसून मोकळे झाले तर? वर्गात जागा मिळेल, पण ती पार खचेल. त्या हसण्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक?

दुपारी आली ती घसा बसलेला, डोळे लाल.

"काय झालं गं?"

"एकच ओळ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तास संपेपर्यंत! सगळ्या वर्गासमोर झाडलं मला. म्हणाले, कान घरी ठेवून आलात का?"

आणि माझी प्राध्यापक बहीण आनंदाने रडायलाच लागली.