बावीस पावलं

आमच्या ताईच्या सासऱ्यांइतका खरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका बसलेला माणूसही पाहिला नाही. या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच नोकरीनं दिल्या. दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाड्या तोलायचा वजनकाटा होता. जमिनीत बसवलेली भली थोरली लोखंडी पाटी, तिच्यावर गाडी उभी करायची आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसानं आकडा वाचून चिठ्ठी फाडायची. तो माणूस म्हणजे आबा. त्या खोलीत त्यांनी उभी हयात काढली असं लिहायची पद्धत आहे, पण आबांच्या बाबतीत ते खोटं होईल. त्यांनी ती सबंध बसून काढली. नोकरी संपल्यावर ते खुटबावच्या घरी आले आणि तिथल्या ओट्यावर बसले. ओट्यापासून चहाच्या टपरीपर्यंत शंभरेक पावलं असतील, पण तेवढ्यासाठीही लुना निघायची. ती लुना पायडल मारून चालू व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात एखादा चालता माणूस चहा पिऊन परत आला असता. मी एकदा तसं म्हणालो, तर आबा म्हणाले, "पाव्हणं, माल कवा चालत जातो का? माल गाडीतनंच जातो."

सुनेचा भाऊ म्हणून मी त्यांचा पाव्हणा. मी त्यांच्याहून पस्तीस वर्षांनी लहान, तरी त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही, आणि मी दारात आल्यावर चहा टाकल्याशिवाय बोलायला सुरुवात केली नाही. मात्र चहा येईपर्यंत माझं वजन होऊन गेलेलं असायचं. त्यासाठी त्यांना यंत्र लागत नसे. डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत एकदा बघायचं आणि सांगायचं, "दोन किलोनं उतरलात. मेसचं जेवन मानवंना वाटतं." हे निदान सहसा चुकायचं नाही. भाजीची पाटी, शेजाऱ्याची शेळी, नुकतं जन्मलेलं नातवंड, गावातल्या पुढाऱ्याचं पोट, सगळं त्यांच्या नजरेच्या काट्यावरून जायचं.

ताईच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आम्ही शिरूरहून दोन टेम्पो भरून वऱ्हाड घेऊन न्हावरा, पारगाव करत निघालो, तर हे नवरदेवाचे वडील फेटा बांधून कारखान्याच्या फाटकात उभे. आमच्या वडिलांना वाटलं, केवढी ही अगत्याची माणसं, वाटेतच सामोरे आले. आबांनी नमस्कार केला आणि दोन्ही टेम्पो काट्यावर घ्यायला लावले. कुणालाच काही कळेना. संध्याकाळी सासरी राहणाऱ्या मुलीला निरोप देऊन, डोळे पुसत आम्ही परत निघालो, तर पुन्हा फाटक, पुन्हा काटा. आबा खिडकीतून ओरडले, "आलात त्यापरीस जाताना दीड क्विंटल जास्ती भरलंय व्याही! पंगत मानवली म्हनायची. आन् त्ये बी एक पोरगी आमच्यात ठिवून!" दिवसभर रडवेले झालेले आमचे वडील त्या टेम्पोत पहिल्यांदा हसले.

पण कामावर असताना ही थट्टा बंद. चिठ्ठीवरचा आकडा त्यांना देवाच्या जागी होता. एखादा शेतकरी कुरकुरला, "आबा, काटा बराबर हाय का?" तर ते शांतपणे म्हणायचे, "काट्याला नगा इच्यारू. ऊस वाढवा." मात्र आकडा वाचायच्या आधी ते दर वेळी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडीची सगळी चाकं पाटीवर आली आहेत ना, हे बघत. एकही चाक बाहेर राहिलं तर आकडा कमी येतो आणि नुकसान गरिबाचं होतं. त्या खिडकीची चौकट बुटकी होती. हजारो गाड्या, हजारो वेळा डोकं बाहेर. चौकट घासून घासून आबांच्या कपाळावर आडवा काळा वण पडला होता. एकदा एका बदली कारकुनानं गारठ्याच्या कंटाळ्यानं डोकं बाहेर न काढताच आकडा लिहिला. मागचं चाक बाहेर होतं. आबांनी गाडी परत बोलावून पुन्हा तोलली, शेतकऱ्याची हात जोडून माफी मागितली, आणि हंगाम संपेपर्यंत त्या कारकुनाशी एक शब्द बोलले नाहीत. आबांच्या लेखी याहून मोठी शिक्षा नव्हती.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत आबांना साखरेचा आजार निघाला. जन्मभर साखर कारखान्यात काढल्यावर दुसरं काय निघणार, असं तेच सांगत सुटले. केडगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज चाला. आबांनी गोळ्या घेतल्या. चालणं ओट्यावरच राहिलं.

त्याच सुमारास मी पुण्यात एका कॉलेजात शिकवत होतो, आणि आमच्या विभागाला एक नवी कल्पना सुचली होती. मोबाइल फोन तेव्हा खेड्यापाड्यांत नुकते पोचत होते. हलणं ओळखणारा एक बारका भाग काही नव्या फोनांमध्ये असायचा. त्याच्या जोरावर फोन माणसाची पावलं मोजणार, रोज संध्याकाळी तो आकडा आपसूक आमच्या कॉम्प्युटरकडे येणार, आणि कॉम्प्युटर त्या माणसाला शाबासकीचा नाहीतर समजुतीचा संदेश पाठवणार. संदेश लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझं मराठी बरं, असं सगळे म्हणत. असे काही फोन ओळखीपाळखीच्यांना वाटायचे ठरले, तेव्हा मला पहिल्यांदा आबा आठवले. आकड्याला देव मानणारा माणूस, त्याला आकड्यानंच उठवावं, या युक्तीवर मी फार खूश होतो.

दिवाळीच्या पाडव्याला मी फोन घेऊन खुटबावला गेलो. मला परतीची गाडी गाठायची होती. घाईघाईत म्हणालो, "आबा, हा पावलांचा काटा. तुम्ही फक्त चालायचं, मोजायचं काम याचं. रोज संध्याकाळी हा आकडा सांगेल." आबांनी फोन दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, "पासिंग झालंय का ह्याचं?" दर वर्षी सरकारी माणूस येऊन काटा तपासून शिक्का मारतो, ते पासिंग. मी हसून म्हणालो, "झालंय." बाकी काही सांगायचं मला सुचलं नाही. फोन खिशात ठेवतात, हे काय सांगायचं असतं?

आकडे येऊ लागले. मंडळी तीन हजार, चार हजार चालत होती. खुटबावचा आकडा आला बावीस. दुसऱ्या दिवशी बावीस. मग चोवीस, मग परत बावीस. विभागात सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो, लुनाची गोष्ट सांगून त्यांना आणखी हसवलं. कॉम्प्युटर इमानानं रोज संदेश पाठवत होता, 'आज आपण बावीस पावले चाललात. आणखी थोडा प्रयत्न करा.' तीन आठवडे आकडा हलला नाही की पुढचा, जरा कडक संदेश जायचा, 'आळस सोडा. आपले आरोग्य आपल्या हाती.' ही वाक्यं माझी. 'आळस सोडा' लिहिताना आपल्याला भाषेचा ठसका साधला असंही मला वाटलं होतं.

एकदा मी स्वतः फोन केला. "आबा, आकडा फार कमी येतोय."

"व्हय, म्या बी बघतोय," आबा म्हणाले. "बावीसच्या म्होरं सरकंना."

"मग चाला ना जरा. असं काय करता?"

आबा म्हणाले, "चालतो की. कमी पडत असंल. वाढवतो." आणि वर विचारलं, "पाव्हणं, एक इच्यारू? त्या बावीसमदी कोंबड्यांची बी पावलं धरली असतील का?"

मी खो खो हसलो. आळशी माणसाची थट्टेवारी नेण्याची तऱ्हा, असं समजून फोन ठेवला. दाजी रांजणगावला कंपनीत शिफ्टला, ताई मुलांच्या शाळेत अडकलेली, दोघंही शिरूरला राहायची. खुटबावला आबा आणि मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, दोघंच. तिथं काय चाललंय ते बघणारं कुणी नव्हतं. मी जाऊ शकलो असतो, दोन तासांचा रस्ता. पण आकडा रोज येत होता, मग जायचं कशाला?

गेलो ते थेट संक्रांत झाल्यावर, तिळगूळ घेऊन. अंगणाच्या दारातच थबकलो. कोंबड्या डालग्याखाली कोंडलेल्या. ओट्याशी एक स्टूल, स्टुलावर पांढऱ्या फडक्याची घडी, तिच्यावर फोन, फोनला झेंडूचं फूल. शेजारी पाण्यानं भरलेली बशी. काट्याची बैठक सपाट आहे की नाही ते बघायला. आणि आबा, धोतराचा काचा मारून, अनवाणी, घामेघूम, त्या फोनसमोरून तुळशीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून तुळशीपर्यंत येरझारा घालत होते. फोनसमोर आलं की पाऊल जरा दाबून टाकायचे, नीट नोंद व्हावी म्हणून.

मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दोन महिनं झालं, सकाळ-संध्याकाळ ह्येच. शेजारनीला आंगनातनं जाऊ देत न्हाईत. म्हनत्यात, तुझी पावलं माझ्या नावावर नगंत."

मी पोट धरून हसलो. हे लिहायला जड जातंय, पण मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आबाही पाव्हण्याचा मान म्हणून माझ्याबरोबर हसले. मी म्हणालो, "अहो आबा, फोन खिशात ठेवून चालायचं असतं!"

"खिशात?" आबांना ते पटेना. "काटा गाडीत ठिवून कुठं वजन व्हतंय?"

त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर त्यांनी माल काट्याकडे येताना पाहिला होता. काटा मालाबरोबर गावभर हिंडताना कुणी पाहिलाय? बावीस पावलं होती ती फोन कोनाड्यातून स्टुलापर्यंत आणायची आणि परत न्यायची. मी फोन त्यांच्या बंडीच्या खिशात घातला, त्यांचा हात धरला आणि आम्ही फाटकापर्यंत जाऊन आलो. आकडा भराभर चढला. आबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी काटा खरा हाय. मला वाटलं, माझीच पावलं हलकी पडाय लागली. म्हातारपनी मानूस उतरतो, तसं." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला माझं हसणं पहिल्यांदा लागलं.

"पण अनवाणी का?" मी विचारलं.

"आता! चपलेची पावलं माझ्यात कशाला धरायची? रिकाम्या गाडीचं वजन वजा करत्यात का न्हाई?"

तेव्हा मी खाली पाहिलं. अंगणातल्या शहाबादी फरशीवर त्यांच्या उजव्या पावलाचे ओले ठसे होते, फाटकापर्यंत आणि परत. मला वाटलं, बशीतलं पाणी. मावशींनी त्यांना ओट्यावर बसवून पाय उचलला, तर तळव्यावर चिघळलेली जखम होती. फाटकाशी एका फरशीचा टवका उडाला होता. तिथं वळताना रोज तळवा घासला जात होता. साखरेनं पायाची जाणीव कधीच गेली होती. आबांना काही म्हणजे काही दुखत नव्हतं. ते मावशींना म्हणत होते, "पाव्हण्यांना चहा टाक आधी."

आधी दौंडचा दवाखाना, मग पुण्याचा. आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि शेवटी घोट्याच्या वर कापावं लागलं. तोवर आमचा अहवाल छापून झाला होता. त्यात खुटबावपुढे 'प्रतिसाद नाही' असा शेरा आहे. तोही मीच लिहिलेला.

घरी आणल्यावर मी त्यांच्या खाटेशी बसलो. बरेच दिवस मनात जुळवलेलं एका दमात बोलून टाकलं, "आबा, चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही. आकडा बघत बसलो, एकदाही येऊन बघितलं नाही."

आबा म्हणाले, "माल काट्यावर घातलाच न्हाई, त्याला काटा काय करंल? सोडा त्ये." मग डोळे बारीक करून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाव्हणं, तीन किलोनं उतरलात तुम्ही. जिवाला खाऊ नगा."

त्यानंतर चार वर्षं ते होते. कुबडी घेऊन ओट्यापर्यंत यायचे. लुना अंगणात गंजत पडली. मी जमेल तेव्हा जायचो. त्यांनी माझं वजन सांगायचं कधी सोडलं नाही, आणि त्या फोनचं नाव कधी काढलं नाही. गेले तेव्हा मी शेवटचा नमस्कार करायला वाकलो, तर कपाळावरचा तो आडवा काळा वण तसाच होता. त्यांनी हजारो अनोळखी गाड्यांसाठी डोकं बाहेर काढलं होतं. मला एका घरच्या माणसासाठी एकदा काढता आलं नाही.

तो बदली कारकून आता कुठं असतो मला माहीत नाही. पण मला त्याचा हेवा वाटतो. एक चाक बघायचं चुकला म्हणून आबांनी त्याला हंगामभर अबोला दिला, आणि त्यात त्याचं फिटलं. मी पाव्हणा. मी गेलो की आबा खाटेवरून हाक मारायचे, "अगं, पाव्हणं आल्यात," आणि मला दर वेळी चहा मिळाला.