काकाला दाखवायचं होतं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात की माझा धागा सुटतो. आणि चहा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. मी एका फोनवर चांगल्या धडधाकट माणसाला पाळण्यात कसं घातलं, ते सांगतो.

आमचा काका मिरजेचा. शाळेत पीटीचा मास्तर होता, आता निवृत्त. सहा फूट उंची, पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि आवाज असा की अजूनही नुसता 'सावधान' म्हणाला तर इकडे पंजाबच्या बाजूला, मनीमाजऱ्यातली आमची अख्खी गल्ली ताठ उभी राहील. गेल्या हिवाळ्यात तो माझ्याकडे राहायला आला आणि इथल्या थंडीने त्याचं पोटच गोठलं. साफ होईना. खाणं बंद, चिडचिड चालू. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "मी आयुष्यात दवाखान्याची पायरी चढलेलो नाही."

शेवटी मी ऐटीत त्याला समजावलं. "काका, इथे सरकारी इस्पितळांचा केवढा पसारा आहे माहितीय? म्हाताऱ्यांची ओपीडी वेगळी, डोळ्यांचं वेगळं, लहान मुलांचं वेगळं. आणि सगळ्यांना मिळून फोन एकच. तू नुसता चल, बाकी माझ्यावर सोड."

सोडलं बिचाऱ्याने.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, जी तेव्हा मला माहीत नव्हती. पंजाबीत 'काका' म्हणजे लहान मुलगा. तान्हं बाळसुद्धा काकाच. त्यात आम्ही घरात काकाला अरे-तुरे करतो, त्यामुळे हिंदीतही माझ्या तोंडून 'काका खाता है, काका सोता है' असंच निघतं. पुढे काय वाढून ठेवलं होतं, कळलं ना?

आयटी पार्कातल्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. पलीकडे एक गोड आवाज.

"हांजी, किसको दिखाना है?"

"हमारे काका को. पेट साफ नहीं होता."

"अच्छा जी. काका दूध पीता है?"

"पीता है. और पतली खिचडी. दाँत नहीं हैं ना."

"कोई बात नहीं, आ जाएँगे."

मला वाटलं, वा, कवळीसुद्धा इथेच बसवून देतात.

"चलता है?"

"पकड के. परसों बाथरूम में गिरते गिरते बचा."

"ओहो. रात को रोता तो नहीं?"

"रोता नहीं, चिल्लाता है."

"आप काके के पापा बोल रहे हो?"

"नहीं जी, काका के पापा तो नहीं रहे."

पलीकडे 'च्च च्च' झालं. मग हळूच, "और मम्मी?"

"वो तो पापा से भी पहले गईं."

"फिर काके को कौन देखता है?"

"अभी तो मैं ही. ये सबसे बडा है. छोटे दो गाँव में हैं."

"दो और हैं?" बाईंचा आवाज भरून आला. मी थक्क. सरकारी फोनवर इतकी माया? "भैया, आप कल ही आ जाओ. लाइन में मत लगना, मैं वहाँ बोल के रखती हूँ. रब आपका भला करे."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलेल्या इमारतीत शिरलो. भिंतीवर बदकं, ससे, फुगे घेतलेला हत्ती.

"हे काय रे?" काकाने विचारलं.

"पेशंटचं मन प्रसन्न राहावं म्हणून," मी म्हणालो. त्याला पटलं. मलाही.

आत एक वयस्कर सिस्टर आमचीच वाट बघत होती. माझं नाव ऐकल्याबरोबर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शाबाश बेटा. आजकल कौन करता है इतना? काका कहाँ है?"

"ये क्या, आपके सामने."

तिने काकाच्या मिशांकडे पाहिलं. मग माझ्या रिकाम्या हातांकडे. मग काकाच्या मागे वाकून पाहिलं आणि शेवटी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत. तिच्या एका हातात निळी, गोंड्याची, मुठीएवढी लोकरी टोपी होती आणि दुसऱ्या हातात खुळखुळा.

"जिसके पापा नहीं रहे...?"

"हाँ, यही."

काका माझ्या कानाशी कुजबुजला, "अरे, बाबा जाऊन जमाना झाला. इथे सांत्वनाला आणलंस का मला?"

तेवढ्यात आतून एक तरुण डॉक्टर आली. लातूरची निघाली. आमचं मराठी ऐकलं, टोपी पाहिली, काकाला पाहिलं आणि दाराची चौकट धरून हसत सुटली. तिने सिस्टरला पंजाबीत समजावलं, तशी सिस्टर खुर्चीत बसली ती डोळे पुसतच. मग डॉक्टरने मराठीत आम्हालाही समजावलं.

मी बदकांकडे बघत उभा. आता 'सावधान' येणार, याची वाट बघत. काकाने शांतपणे ती टोपी घेतली, डोक्यावर बसवून पाहिली आणि म्हणाला, "लहान होतेय." बस, एवढंच. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

डॉक्टरनेच आम्हाला शेजारच्या इमारतीत म्हाताऱ्यांच्या ओपीडीत पोचवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, थंडीमुळे काका पाणीच पीत नव्हता. औषध लिहून दिलं आणि दिवसभर थोडं थोडं पाणी पाजायला सांगितलं.

औषधाच्या खिडकीपुढच्या बाकावर आम्ही नंबर लागायची वाट बघत बसलो. आजूबाजूला सगळे सत्तरीपुढचे. काकाने घसा खाकरला आणि पीटीच्या मैदानावरच्या आवाजात, खास हिंदीत म्हणाला, "पप्पा, पानी."

पंचवीस माना वळल्या. मी मुकाट्याने बाटली दिली.

"पप्पा, ढक्कन खोलो."

उघडून दिलं. काय करणार?

शेजारी एक म्हातारे सरदारजी बसले होते. त्यांनी काकाच्या पांढऱ्या मिशा नीट निरखल्या, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. काठी टेकत उठले, मला पाठ टेकायला मिळावी म्हणून भिंतीकडची जागा दिली आणि हात जोडून म्हणाले, "पापाजी, सेहत तो आपने बहुत संभाल के रखी है. खाते क्या हो?"

मी चौतीस वर्षांचा आहे हो. त्यांना जरासुद्धा शंका आली नाही, हेच फार मनाला लागलं.