शेजाऱ्याला बस हवी का?

हिसाए कुनिएदा या बाईने मला जितकं छळलं तितकं माझ्या सासूनेही छळलं नसेल. वय एकसष्ट. डोंगरदरीतल्या आमच्या नगर कार्यालयासाठी ती घरोघर फिरून फॉर्म भरून आणते आणि मी त्यांची बेरीज करतो. चार मिनिटांत भरायच्या फॉर्मला ती दीड तास लावते. चहा पिते, मुळ्याचं लोणचं खाते, ऐकत बसते.

गेल्या शरदात बुधवारच्या बसचा प्रश्न आला. वरच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात आणणारी ही एकच बस. चालक मिळेना, म्हणून साहेबांनी ठरवलं की ज्या थांब्यावरची निम्मी घरं 'फार गरज' म्हणतील तो राहील, बाकीचे बंद. अहवाल महिनाअखेरच्या शुक्रवारी जिल्हा कार्यालयात पाठवायचा होता.

हिसाएने चौसष्ट घरं पालथी घातली. मी मोजलं तर एक्कावन्न घरांनी मधल्या चौकोनात खूण केलेली: 'साधारण गरज'. मी म्हटलं, संपला विषय, बसवाचून कुणाचं अडत नाही. ती भडकलीच. फॉर्म उलटे करून माझ्यापुढे आपटले. मागे तिने पेन्सिलीने गच्च लिहिलेलं होतं. एक आजी बस चुकली की काठी टेकत दोन तास उतरते. एक आजोबा मंगळवारीच बूट पुसून दाराशी ठेवतात. दोघांचीही खूण 'साधारण'.

"आपल्यापायी दुसऱ्याला त्रास, हे त्यांना मरणाहून वाईट वाटतं," ती म्हणाली. "तुझी आई तरी 'फार गरज' म्हणेल का, ओगाता?"

आई म्हणणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. सुनावलं की गप्पांची बेरीज होत नाही, आणि दोन म्हाताऱ्यांचे हाल ऐकून चौसष्ट घरांचं ठरवता येत नाही. हे मला आजही खरंच वाटतं. पण त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरं.

सोमवारी ती नवा फॉर्म घेऊन आली. प्रश्न एकच: तुमच्या शेजाऱ्याला बसची किती गरज आहे? साहेबांनी कपाळाला आठ्या घालत होकार दिला आणि ती पुन्हा सगळी दरी चढली. स्वतःसाठी तोंड न उघडणारी माणसं शेजाऱ्यासाठी भांडायला उठली. गुरुवारी दुपारी मी मोजलं, अठ्ठावन्न घरांची खूण 'फार गरज'. मी दोनदा मोजलं. सगळे थांबे वाचले, फक्त शेवटचा सोडून.

शेवटच्या थांब्यावर एकटे तोकुजी आजोबा राहतात, वय शहाऐंशी. पायाची जखम दर बुधवारी दवाखान्यात धुऊन बांधावी लागते. पहिल्या फॉर्मवर त्यांनी 'गरज नाही' अशी खूण केली होती. शेजाऱ्याचं विचारल्यावर त्यांनी आसपासच्या चार बंद घरांकडे हात केला आणि म्हणाले, "यांचं कुणाला विचारतेस, बाई? चहा घे." फॉर्म कोराच आला.

शुक्रवारी सकाळी मी अहवाल पुढ्यात घेऊन बसलो होतो. शेवटच्या रकान्यात शून्य लिहायचं की रिकामा सोडायचा, कसंही केलं तरी तो थांबा जाणार होता. तेवढ्यात हिसाएने आणखी एक फॉर्म पुढे सरकवला. शेजाऱ्याचं नाव तोकुजी, खूण 'फार गरज', भरणाऱ्याचं नाव हिसाए कुनिएदा.

मी म्हटलं, "कुनिएदाबाई, फॉर्म गोळा करणाऱ्याने स्वतः भरायचा नसतो. आणि तुमचं घर त्यांच्या खाली सहा किलोमीटरवर आहे. हा कसला शेजार?"

"मधे कुणी राहतंय का?" तिने विचारलं.

मी नकाशा उघडला. रस्त्यावरून बोट फिरवत वर गेलो. सहा किलोमीटरांत एकही राहतं घर नव्हतं.

अहवालात मी लिहिलं: शेवटचा थांबा, घरं एक, फार गरज म्हणणारी एक. मग साहेब यायच्या आत पाकीट चिकटवून टाकलं.