आषाढातलं प्लास्टर

लग्न होऊन मी या घरात आले, ती तुळशीची लग्नं उरकल्यावर. नेरूळच्या मागे खाडीला लागून आमचं गाव आहे. माप ओलांडताना नव्या सुनेची नजर खाली असावी असं म्हणतात, पण माझी गेली थेट भिंतीवर. निळ्या रंगाचे पापुद्रे लोंबत होते, त्याखालचं प्लास्टर फुगलं होतं आणि ओट्याच्या कडेला पांढरी भुकटी सांडली होती. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे लग्नघराला निदान चुन्याचा एक हात तरी मारतात. मनात म्हटलं, माणसं बरी दिसताहेत, पण घराकडे बघायला कुणाला सवड नाही.

पुढे कळलं की घराला दर वर्षी रंग लागतो. प्लास्टरही होतं. फक्त ते होतं भर आषाढात.

त्याचं कारण माझे सासरे. त्यांची होडी आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या काठावर ओढून घेतात, फटी बुजवतात, तेल पाजतात, रंग देतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात सोडतात. ही सवय सासऱ्यांच्या हाडात मुरलेली. दुरुस्ती म्हणजे पावसाळ्यात करायची गोष्ट, मग ती होडीची असो नाहीतर घराची. होडीतून हात मोकळे झाले की त्यांचा मोर्चा घराकडे वळायचा. वळचणीला ताडपत्री बांधून तिच्याखाली ते आणि गवंडी उभे. दोघं भिजलेले, आणि भिंत त्यांच्याहून भिजलेली. होडीचा उरलेला हिरवा रंग दाराला लागायचा. त्यामुळे आमच्या दारावर नुसता होडीचा नंबर घातला असता, तर ते खाडीत सोडायला हरकत नव्हती.

आळीतल्या सगळ्याच घरांची ही तऱ्हा. नारळी पौर्णिमेला आळी नवरदेवासारखी नटायची आणि दसऱ्याला उकडलेल्या बटाट्यासारखी साल सोडायची. ओल्या भिंतीवर रंग थापला की आतली ओल बाहेर पडायला वाट शोधणारच. वर खाडीची खारी हवा. लोणा, म्हणजे ती मिठासारखी पांढरी भुकटी, फुटायला आणखी काय लागतं?

हे सासऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सासूबाई दर वर्षी सांगायच्या. पुरुष पाण्यावर, भिंतीशी संसार बायकांचा, त्यामुळे भिंतीचं सगळं दुखणंखुपणं त्यांना पाठ. पावसाळा सरला की भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची, दिवाळीनंतर फुगलेलं ठोकून काढायचं, नवं प्लास्टर थंडीत करून त्याला आठवडाभर पाणी मारायचं आणि रंगाचं नाव शिमग्याआधी काढायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पण थंडीचे दिवस म्हणजे मासळीचे दिवस. जिताडा सोडून भिंतीला पाणी मारत बसलो तर आळीतली कुत्री हसतील, असं सासरे म्हणायचे. तिथे विषय संपायचा.

दोन वर्षांपूर्वी मृगातच ओट्यावरच्या भिंतीचा एक मोठा पोपडा सुटला. सासूबाई खाली जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडला. त्यांना लागलं नाही, पण परातभर जवळा सिमेंटमातीत गेला आणि त्याबद्दल त्यांनी भिंतीचे सगळे पूर्वज काढले. माझा नवरा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात आहे. त्याला एवढं निमित्त पुरलं. घर बिल्डरला देऊन टाकायचं आणि द्रोणागिरीला सोसायटीत फ्लॅट घ्यायचा, असं त्यानं जेवता जेवता जाहीर केलं. लिफ्ट असेल, ओल नसेल, काही टेन्शन नाही.

सासूबाईंनी ताटं उचलली. रात्रीची भांडी घासताना मला म्हणाल्या, "सातव्या माल्यावर मी कोनाशी भांडू?"

मी हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. सगळा दिवस त्या ओट्यावर असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्याची खबर काढल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही.  त्या दिवसापासून मी भिंतीच्या पक्षात गेले.

सासऱ्यांनाही घर सोडायचं नव्हतंच. त्यांनी त्यांच्या परीनं उपाय केला. दुसऱ्या दिवशी भर पावसात सिमेंटच्या गोणी आणून ओट्यावर टाकल्या. यंदा डबल जाड प्लास्टर करू, म्हणाले. सासूबाईंनी पदर खोचला आणि गोणींवर बसल्या. "यंदा नाय. भिंत सुकल्याबिगर कोन हात लावाचा नाय."

गवंडी आला, त्यांच्याकडे बघून चहा पिऊन गेला. त्या तिथेच बसून मासे साफ करायच्या, तिथूनच भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या. पावसात गोणी दगड झाल्या, पण त्या हलल्या नाहीत. नारळी पौर्णिमेला सगळी आळी चकचकीत आणि मधे आमचं घर पोपडे काढून उभं. सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बायकोशी अबोला धरला. "तिला सांग, चा टाक," असे निरोप माझ्यामार्फत जायचे, आणि सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या. मला मोठी मजा वाटायची, खोटं कशाला सांगू.

दिवाळी झाल्यावर सासूबाईंनी स्वतः गवंड्याला बोलावलं. पोकळ वाजेल ते सगळं पाडलं आणि नवं प्लास्टर झालं. आता पाणी कोण मारणार? सासूबाईंचे गुडघे दुखरे, नवरा यार्डात, मी कॉलेजात नोकरीला. आणि नेमकी त्याच आठवड्यात खाडीला मासळी लागली. पहाटे होड्यांची इंजिनं एकामागून एक सुरू झाली.

सकाळी मी दार उघडलं तर सासरे ओट्यावर बादली घेऊन उभे. त्यांची होडी काठालाच बांधलेली. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी बादलीत बोट घालून जिभेला लावलं. पाणी खाडीचं होतं.

"खारवाला ही काय सुरमय हाय?"

अबोला सुटला तो असा. नळाला पाइप लागला आणि सासरे कामाला भिडले. भिंतीला ओली गोणपाटं बांधली, ऊन चढलं की तळवा लावून बघायचे, परत पाणी. दुपारी परतलेले दोस्त जिताडा उंच धरून दाखवायचे, तेव्हा पाइप चुकून त्यांच्याकडे वळायचा.

शनिवारी संध्याकाळी नवरा फोन कानाला लावून बाहेर आला. एजंट उद्या फ्लॅट दाखवायला तयार होता. बाबा, आईला घेऊन तुम्ही चला, म्हणाला.

सासऱ्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "उद्या भिंतीला पानी कोन मारल?" मग पाइप वर धरत म्हणाले, "मी सगला जलम होरीत ऱ्हायलो. घरात ती ऱ्हायली. होरीचं काय आसंल तं मना इचार. घराचं तिला इचार."

नवऱ्यानं एजंटला नंतर फोन करतो म्हणून सांगितलं. आत स्वयंपाकघरात भाकरी थापटण्याचा आवाज थांबला होता. सासूबाई पिठाच्या हातांनीच दारात आल्या. मला वाटलं, आता त्यांना रडू येणार. मला तर आलंच होतं. त्यांनी भिंत खालून वर नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "वरचा कोपरा सुका ऱ्हायला."

सासरे स्टूल ओढून वर चढले. द्रोणागिरीला त्या रविवारी कुणी गेलं नाही, आणि त्यानंतरच्याही नाही.