शेवटी आणायचा माणूस

देर्लिस ओविएदो हा पॅराग्वेचा स्ट्रायकर. सतरा वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळला आणि त्या सतरा वर्षांत एकदाही पूर्ण सामना खेळला नाही. पूर्ण म्हणजे पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, अख्खी नव्वद मिनिटं. ऐकणाऱ्याला वाटायचं, गडी फुगवून सांगतोय. अहो, फुगवायचेच तर माणूस गोल फुगवतो, स्वतःची फजिती कोण फुगवतो?

दोष द्यायचाच तर त्याच्या पहिल्या सामन्याला द्यावा लागेल. व्हिलारिका हे त्याचं गाव. तिथल्या क्लबनं त्याला अठराव्या वर्षी शेवटची चारदोन मिनिटं उरली असताना मैदानात सोडलं आणि या पठ्ठ्यानं पहिलाच चेंडू जाळ्यात घातला. गावानं डोक्यावर घेतलं. कोच पेपरवाल्यांना म्हणाला, "हा आमचा शेवटी आणायचा माणूस!" झालं. कौतुकाचं वाक्य होतं, पण तेच पोराच्या मुळावर आलं.

तिथून बोलिव्हिया, इक्वेडोर, मेक्सिको, ग्रीस, चीन. देश बदलले, भाषा बदलल्या, बाक तोच. दुसऱ्यांचे पाय थकले की याला उठवायचं. चांगला खेळला तर कोच म्हणायचे, बघा, शेवटी आणलं की कसा चमकतो. वाईट खेळला तर म्हणायचे, बरं झालं याला सुरुवातीपासून घेतलं नाही. आता यातून माणसानं सुटायचं कसं, सांगा! दोनदा त्याचं नाव पहिल्या अकरांत लागलं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ग्रीसमध्ये पावसानं मैदानाचं तळं केलं आणि सामना रद्द झाला. चीनमध्ये सामन्याआधी अंग मोकळं करतानाच मांडीचा स्नायू धरला.

अमेरिकेत तो २००३ साली आला. इथला फुटबॉल अजून लहान आहे, इथे तरी आपल्याला अख्खा सामना मिळेल असा त्याचा हिशेब. पण ज्या खालच्या लीगमध्ये तो आला, तिथले क्लब भिशीसारखे निघायचे आणि भिशीसारखेच बुडायचे. दोन वर्षं तिथेही बाकावर काढली आणि क्लबच बंद पडला. सोबतचे खेळाडू आपापल्या देशी गेले. देर्लिस शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये राहणाऱ्या मावसभावाकडे आला आणि पोटासाठी एका स्पोर्ट्स सेंटरमध्ये लहान मुलांना फुटबॉल शिकवायला लागला.

तिथे तर आगीतून फुफाट्यात. लहान मुलांच्या सामन्यात गोल मोजायचे नाहीत हा नियम. कोण जिंकलं, कोण हरलं, बोलायचं नाही. हंगाम संपला की सगळ्यांना मेडल, शूज उलटे घालून आलेल्यालासुद्धा. आयुष्यभर गोल या एका गोष्टीवर जगलेल्या माणसानं टाळ्या वाजवत "गुड जॉब" म्हणायचं. तो म्हणायचा, पण दातओठ खाऊन.

तिथेच त्याला प्रल्हाद भेटला. प्रल्हाद सॉफ्टवेअरवाला, मूळचा कोल्हापूरचा. त्याची मुलगी राधिका देर्लिसकडे शिकायला यायची. कोल्हापूरचा माणूस म्हणजे फुटबॉल रक्तात. तिथे प्रत्येक पेठेच्या तालमीची टीम असते आणि वर्ल्ड कप आला की निम्मं गाव ब्राझीलचं आणि निम्मं अर्जेंटिनाचं होतं. त्यामुळे प्रल्हादनं पहिल्या भेटीत हात मिळवायच्या आधी विचारलं, "ब्राझील का अर्जेंटिना?"

"पॅराग्वे," देर्लिस म्हणाला.

प्रल्हादचा चेहरा जरा पडला, पण लगेच सावरला. नाही मामा तर आंधळा मामा. त्यानं आपल्या मराठी मंडळींची टीम केली होती. आयटीतले वीसेक जण, रविवारी पार्कात ऑफिसांच्या लीगमध्ये खेळायचे आणि नेमानं हरायचे. त्यानं देर्लिसला टीमचा कोच केलं, खेळाडूही केलं, पण कोण कधी खेळणार ते ठरवणं स्वतःकडेच ठेवलं. पहिल्याच रविवारी मंडळींनी देर्लिसचा दिलीप करून टाकला. "दिलीप, पास दे यार!" असं नागपूरचा, पुण्याचा, ठाण्याचा जो तो ओरडायला लागला. देर्लिसनं तेही चालवून घेतलं, कारण त्याला वाटलं, इथे तरी कुणी आपल्याला बसवणार नाही.

पण आपल्या लोकांचा न्याय! सगळ्यांनी वर्गणी भरलेली, म्हणून सगळ्यांना सारखा वेळ. प्रल्हाद अदलाबदलीचा तक्ता घरून करून आणायचा आणि त्यात देर्लिसचं नाव कायम दुसऱ्या हाफमध्ये. वर कौतुकानं म्हणायचा, "दिलीप, तू सेकंड हाफला ये भावा. ते दमलेले असतात, तू मॅच फिरव." जगाला वळसा घालून आलेल्या माणसाला शॉमबर्गच्या पार्कात तेच वाक्य ऐकायला मिळालं. त्या वेळी त्याला प्रल्हादचा गळा धरावासा वाटला. धरला नाही, कारण तोवर दोन हंगामांत ही टीम त्याच्या जिवावर जिंकायला लागली होती, आणि जिंकणं त्यालाही आवडत होतं.

२००७च्या शरद ऋतूत टीम फायनलला पोचली. त्याच सुमारास देर्लिसचा उजवा गुडघा सुजून टरबुजासारखा झाला. डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर पळणं बंद. ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं. म्हणजे ही फायनल त्याचा शेवटचा सामना.

इतर रविवारी लीगचे सामने तासाभराचे असायचे. फायनल मात्र पूर्ण नव्वद मिनिटांची. देर्लिसनं आयुष्यात कधी कोचकडे काही मागितलं नव्हतं. मागणाऱ्याला जास्तच बसवतात हे त्याला माहीत होतं. पण या वेळी त्यानं प्रल्हादला पार्किंगमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. गुडघा, ऑपरेशन, ग्रीसचं तळं, चीनची मांडी. "मला एक सामना पूर्ण खेळायचाय," तो म्हणाला. "एकच."

प्रल्हादचे डोळे भरून आले. त्यानं छातीवर हात ठेवला. "शब्द दिला. कोल्हापूरकराचा शब्द आहे. नव्वद मिनिटं तुझी."

फायनलच्या दिवशी ऊन होतं, पण वारा हाडात शिरत होता. समोर एका इन्शुरन्स कंपनीची टीम, धिप्पाड गडी सगळे. आमच्या बाजूला बायकामुलं, थर्मास, डब्यातला चिवडा, कॅमेरे. एका घडीच्या खुर्चीवर ब्लँकेट पांघरून नीला काकू बसल्या होत्या. त्या शंतनूच्या आई, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आणि येत्या मंगळवारी परत निघालेल्या. शंतनू हा टीममधला सगळ्यात कच्चा खेळाडू, पण एकही प्रॅक्टिस न चुकवणारा. पाण्याचे कॅन तोच आणायचा, गोलच्या जाळ्या तोच बांधायचा.

देर्लिस पहिल्या शिट्टीला मैदानात उभा होता. कसं उभं राहायचं तेही त्याला क्षणभर सुचेना. सगळे पाय ताजे, गवत न तुडवलेलं. सामना असा सुरू होतो तर! त्यानं गुडघा जपत, घाई न करता खेळायला घेतलं. पहिल्या हाफमध्ये इन्शुरन्सवाल्यांनी गोल केला. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला देर्लिसनं दिलेल्या पासवर ठाण्याच्या सत्यजितनं बरोबरी केली. मग त्याच्या लक्षात आलं की त्याला अडवणारा समोरचा एक लालबुंद माणूस वळताना एक पाऊल मागे पडतोय. थोडा वेळ, आणखी थोडा वेळ, मग हा दमून गळणार. शेवटची मिनिटं देर्लिसला स्वतःच्या घरासारखी माहीत होती. फक्त तिथवर तो पहिल्यांदाच चालत आला होता.

इकडे बाहेर नीला काकूंनी प्रल्हादला हाक मारली. "काय रे प्रल्हाद, आमचा शंतनू कधी खेळायचा? का नुसतं पाणीच वाटायचं त्यानं?"

"काकू, आज फायनल आहे ना, आज तक्ता नाही..."

"अरे, मंगळवारी जाते मी. पुन्हा कधी येणं होतंय, कुणास ठाऊक. मुलगा एवढा धावतो म्हणायचा फोनवर, आज पहिल्यांदाच आलेय मैदानावर, बघू दे की मला जरा."

प्रल्हाद कंपनीत भल्याभल्या क्लायंटला नाही म्हणायचा, पण कुणाच्या आईला नाही म्हणायला त्याची जीभ वळेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्यानं मैदानाकडे पाहिलं आणि एकेकाला बाहेर यायची खूण केली. सत्यजितनं मान फिरवली, त्याची बायको शूटिंग करत होती. दुसरा तर प्रल्हादचाच मॅनेजर. तिसऱ्यानं न दिसल्यासारखं केलं. उरला तो एकच, ज्याची बायको नव्हती, आई नव्हती, आणि ज्याच्याशी सोमवारी ऑफिसात गाठ पडणार नव्हती. जगात कुठेही जा, परक्याला उठवणं सगळ्यात सोपं.

"दिलीप!"

देर्लिसला वाटलं, काही डावपेच सांगायचाय. मग त्याला रेषेवर उड्या मारणारा शंतनू दिसला. जाकीट काढलेलं, शर्ट चड्डीत खोचलेला, ओठ कोरडे.

"शब्द दिला होतास," देर्लिस लांबूनच ओरडला.

"सॉरी यार, समजून घे ना. प्लीज. दहाच मिनिटं राहिलीत," प्रल्हाद हात जोडून म्हणाला.

दहाच! देर्लिसच्या अंगाचा नुसता भडका उडाला. त्या दहा मिनिटांसाठी तर हा सगळा खटाटोप होता. आणि आणखी एक गोष्ट त्या क्षणी त्याला कळली. त्याला आजवर कुणी बाहेर बोलावलंच नव्हतं. तो नेहमी आत धावणारा. बाहेर कसं यायचं हे त्याला येतच नव्हतं. म्हणून तो चालत निघाला, तेही सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून. मध्येच वाकून त्यानं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. रेफ्रीनं शिट्टी मारून घाई करायला सांगितलं. देर्लिसनं मोज्यावरची माती झटकली. शंतनू रेषेवर हात पुढे करून उभा होता. देर्लिस त्याच्या हाताला हात न लावता पुढे गेला आणि बाकावर बसला. नीला काकूंनी त्याच्यापुढे चिवड्याचा डबा धरला. त्यानं मान हलवून नको म्हटलं.

शंतनू जीव खाऊन धावला. चेंडू डावीकडे गेला की हा डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, आणि पोचेपर्यंत चेंडू तिसरीकडेच. तो लालबुंद माणूस पार गळला होता, नुसता उभा होता, पण त्याला चुकवून जाणारं मैदानात कुणी नव्हतं. अखेर एकदा चेंडू घरंगळत शंतनूच्या पुढ्यात आला. समोर फक्त गोलकीपर. शंतनूनं पाय उचलला आणि रेफ्रीची शेवटची शिट्टी झाली.

फायनल बरोबरीत. लीगच्या नियमाप्रमाणे कप दोन्ही टीमना. सगळे एकमेकांना मिठ्या मारायला लागले, कॅमेरे निघाले, मुलं मैदानात घुसली. प्रल्हाद देर्लिसकडे येता येता मध्येच थांबला आणि फोटोवाल्यांत मिसळला.

शंतनू मात्र फोटोला गेला नाही. तो सरळ बाकाकडे आला. धापा टाकत होता, चष्म्यावर घाम जमला होता. हा मवाळ माणूस, ज्यानं दोन वर्षांत कुणाला अरे केलं नव्हतं, देर्लिससमोर उभा राहिला आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबत इंग्रजीत म्हणाला, "कोच, मला दहाच मिनिटं मिळाली होती. त्यातली दोन तुम्ही चालण्यात घालवलीत."

बोलिव्हियात, ग्रीसमध्ये, चीनमध्ये, रेंगाळत बाहेर येणाऱ्या प्रत्येक हिरोला हेच सुनावायला देर्लिसच्या ओठांवर यायचं, आणि दर वेळी त्यानं ते गिळून आत धाव घेतली होती. सतरा वर्षांत त्याला जे एकदाही जमलं नाही, ते शंतनूनं पहिल्याच फटक्यात बोलून दाखवलं, आणि नेमकं त्यालाच.