साडीच्या दुकानातला मातृदिन

मे महिन्यातही मातृदिन असतो हे मला कराडच्या एका साडीच्या दुकानामुळं कळलं. कोरेगावकडं आमच्या घरी मातृदिन म्हणजे पिठोरी, श्रावणातली अमावस्या. आईनं दिवसभर उपास करायचा, संध्याकाळी खीरपुरीचं ताट डोक्यावर धरायचं आणि मागं न बघता विचारायचं, "अतीत कोण?" मागं उभ्या पोरानं "मी" म्हणून ताट घ्यायचं. पोराच्या आयुष्यासाठी असतं ते. माझा मुलगा फौजेत गेल्यावर "मी" फोनवरून म्हणायचा आणि खीर जावेची पोरं चाटूनपुसून खायची.

सीमेवर लढताना तो गेला. त्यानंतरच्या श्रावणात मी सवयीनं खिरीला दूध ठेवलं. धाकट्या जावेनं येऊन गॅस बंद केला. "आक्का, तुमाला आता पिठोरी न्हाई करायची," ती हळूच म्हणाली. तिचं काही चुकलं नाही, रीतच तशी आहे. मग मी तिच्या पुऱ्या लाटून दिल्या. तेव्हा काय वाटलं, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक काहीच वाटलं नाही.

पुढच्या मे महिन्यात त्या दुकानाचा माणूस घरी आला. मातृदिनाला वीरमातेचा सत्कार ठेवला होता. गेले. दारात फुगे होते, माझा मोठा फोटो होता आणि फोटोखाली साड्यांवरची सूट. निवेदन करणारी मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "काकू, रडू आलं तर आवरू नका हं." रडू काही आलं नाही. बिचारीचा हिरमोड झाला. मला एक जांभळी साडी मिळाली, टाळ्या पडल्या आणि बायका सेलकडं वळल्या.

तेव्हापासून दर वर्षी बोलावणं येतं. साड्या कपाटात तशाच आहेत, घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. यंदा फोन आला तेव्हा घरी आमचे मालक जेवत होते. मी "येते" म्हटलेलं ऐकून त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खात्यात ती," ते म्हणाले. "आन तू नटून जातीस?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांचं खरंच आहे. दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असतं, एवढं मलाही समजतं. पण आमच्याकडं बाईला पोराच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई म्हणून. मालकही तशीच मारायचे. तो गेल्यापासून ते नुसतं "अगं, ऐक" म्हणतात. शेजारणी मला ताई म्हणायला लागल्या. माझ्या जिवाला लागू नये म्हणून सगळे जपतात, त्याचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. दुकानात असं कुणी जपत नाही. ती मुलगी माईकवरून त्याचं पूर्ण नाव घेते आणि पुढं म्हणते, "यांच्या आई." मग मी उभी राहते.